सरपंचाचं वजन

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं वय एकवीस आहे. आत्मकथन लिहिणाऱ्याने निदान एकदा रिटायर झालेलं असावं, एखादं मोठं ऑपरेशन झालेलं असावं, गेलाबाजार दोन-चार नातेवाइकांशी कायमचं भांडण तरी झालेलं असावं, असं मला वाटतं. माझं यातलं काहीच झालेलं नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे की आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस, आणि तिथे मी एका बोकडामुळे पोचलो की बोकड आडवा येऊनही पोचलो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. शिवाय माझं मराठी शाळेतलं शिक्षण चौथीत थांबलं. पुढे जे काही आलं ते इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात, वैद्यकाकूंच्या हाताखाली. हे लिही, असंही त्याच म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, मी कोण लिहिणार?" त्या म्हणाल्या, "तू कोण ते आधी लिही, मग बाकीचं." म्हणून लिहितोय. आईने हे सगळं वाचलंय आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने शेरे मारलेत. त्या जागा आल्या की सांगेन.

पप्पा मूळचे जुन्नरकडचे. गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. शिक्षण विचारलं की "दहावीला होतो" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. आई आठवीपर्यंत. अमेरिकेतल्या आत्याने आम्हाला बोलवायची कागदपत्रं केली, ती पुरी व्हायला इतकी वर्षं लागली की तोवर पप्पांचं लग्न होऊन आम्ही दोघंही जन्माला आलो. टेक्सासात आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा, गौरी पाचची. आत्याचे यजमान अरुणकाका तेलकंपनीत इंजिनिअर, शुगर लँडमध्ये त्यांचं तळ्याकाठी मोठं घर. पप्पांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "दाजी, कारखाना कुठंय?" काका म्हणाले, "कसला कारखाना?" पप्पा म्हणाले, "साखरेचा. नावच तसंय ना." काका म्हणाले की पूर्वी इथे ऊस होता, आता नुसती घरं. गावाला नाव उसाचं ठेवायचं आणि ऊस उपटून टाकायचा, हे पप्पांना आजतागायत पटलेलं नाही.

आम्ही हायवेच्या कडेला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. पप्पांना हॅरोल्ड नावाच्या म्हाताऱ्याच्या टायरच्या दुकानात काम मिळालं. आमच्या घराचा आवाज म्हणजे एसीची घरघर, बाहेर ट्रक, आणि आत धुराचा अलार्म. आईने फोडणी टाकली की तो बोंबलायचा. त्यामुळे गौरीला एक काम नेमून दिलेलं होतं. आईने तेल तापवायला ठेवलं की गौरीने टॉवेल घेऊन स्टुलावर चढायचं आणि अलार्मखाली वारा घालत उभं राहायचं. मोहरी तडतडली की आई ओरडायची, "गौरे, हलव!" आता मी हॉस्टेलमध्ये राहतो, इथे कुणी फोडणी टाकत नाही, आणि तरी छताकडे नजर गेली की माझा हात टॉवेल शोधतो.

रोडिओला, म्हणजे इथल्या बैल-घोड्यांच्या खेळांना, आमची जायची सुरुवात हॅरोल्डमुळे झाली. आम्ही आलो त्याच वर्षी, मार्च महिन्यात, त्याने पप्पांच्या हातात चार तिकिटं ठेवली आणि म्हणाला, कौंटीचा मेळा आहे, बायकामुलांना घेऊन जा. पप्पांनी गाडी लावली, दार उघडलं आणि तिथेच उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. "अगं," ते आईला म्हणाले, "शेण!" आईनेही श्वास घेतला. "आणि कडबा," ती म्हणाली. अमेरिकेत आल्यापासून त्या दोघांना मी इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला मात्र त्या वयात फार लाज वाटली, कारण आजूबाजूला टोप्या आणि बूट घातलेली माणसं आरामात चालली होती आणि माझे आईवडील पार्किंगमध्ये उभे राहून शेणाचा वास घेत होते.

मग बैलावर बसायचा खेळ झाला. पिसाळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हाताने धरून आठ सेकंद टिकायचं, बस. पप्पांच्या तालुक्यात बैलगाडा शर्यती होतात आणि तरुणपणी घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, माइक धरणारे पप्पाच, हे मला आईकडून ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं आणि शेजारी बसणं वेगळं. पहिला गडी गेटमधून बाहेर आला आणि पप्पा उठून उभे राहिले. "भिर्रर्रर्र! अरे सुटला, सुटला, डावीकडं झेप, गडी कललाय, सावर रे सावर, तीन झाले, चार झाले, आई गं, गेला!" आमच्या रांगेतली सगळी माणसं वळून बघू लागली. मी आईच्या ओढणीआड गेलो. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढून पप्पांकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, "पुढचा बैलही सांग." त्यानंतर दरवर्षी आम्ही तीच जागा धरायचो आणि ते आजोबा तीच पुढची. दोघांना एकमेकांची नावं कधीच कळली नाहीत. मार्चमध्ये भेटले की हात मिळवायचे आणि बैलांवर चर्चा करायचे, एक मराठीत, एक टेक्सासच्या इंग्रजीत.

खाण्याचं वेगळंच प्रकरण होतं. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. पण आईला बाहेर जाताना डबा न घेणं म्हणजे चप्पल न घालता निघण्यासारखं वाटतं. ती पिशवीत तळाशी धपाटी आणि लसणाची चटणी ठेवायची, वर गौरीचे स्वेटर. गेटवर एक धिप्पाड रखवालदार होता. त्याने पहिल्या वर्षी स्वेटर बाजूला केले, डब्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? आईचं त्या वेळचं सगळं इंग्रजी एकवटून तिने उत्तर दिलं, "मेडिसिन." त्याने झाकण जरा उचललं. लसूण त्याच्या नाकापर्यंत गेली. त्याचे डोळे पाणावले आणि त्याने मोठ्या आदराने झाकण लावलं. पुढच्या वर्षी तोच माणूस. "मेडिसिन?" त्याने विचारलं. "येस, मेडिसिन," आई म्हणाली आणि त्याच्यासाठी फॉइलमध्ये वेगळं बांधलेलं एक धपाटं त्याच्या हातावर ठेवलं. इथे आईचा पहिला शेरा आहे: "दोन दिली होती."

दुसऱ्या वर्षी गौरी मेंढीवर बसली. लहान मुलांना हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर ठेवतात आणि मेंढी सोडतात, जो जास्त वेळ टिकेल तो जिंकला. गौरी जिंकली, कारण तिला "घट्ट धर" एवढंच सांगितलेलं होतं, कधी सोडायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बाकीची मुलं दोन ढांगांत पडली. ही मेंढीला जळवेसारखी चिकटली. मेंढी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली, दमली, थांबली, खाली बसली, तरी हिची मिठी सुटेना. दोन माणसांना येऊन बोटं सोडवावी लागली. बक्षीस म्हणून तिला पट्ट्याचं एक पितळी बक्कल मिळालं, तिच्या पोटाएवढं. ते ती त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत परकरावर घालून आली होती.

आणि शेवटी कॉन्सर्ट. बैल आत गेले की एक ट्रॅक्टर रंगमंच ओढत मैदानाच्या मधोमध आणायचा. पप्पा आधी ट्रॅक्टरचं परीक्षण करायचे ("दुसऱ्या गिअरात कशाला घेतलाय येड्याने") आणि मग गाण्याकडे वळायचे. गिटारवाला गायला लागला की त्यांचा चेहरा भजनाला बसल्यासारखा व्हायचा. मी सुरुवातीला गाण्याचे अर्थ सांगायचो. पप्पा म्हणायचे, "नको सांगू. कळतंय मला. ट्रक बंद पडलाय, बायको माहेरी गेलीय आणि कुत्रं तेवढं राहिलंय." दर वेळी ते साधारण बरोबर असायचं. अरुणकाकांना आम्ही दरवर्षी बोलवायचो. ते दरवर्षी म्हणायचे, "कोण जाऊन शेणात बसणार, यार?" आम्ही बसायचो. दिवाळी एखाद्या वर्षी शिफ्टमुळे हुकली असेल, रोडिओ कधीच नाही.

आता बोकडाकडे येतो. शाळेत मी शेतीचा विषय घेतला होता, कारण बाकीचे वर्ग भरले होते. शिकवायला मिस्टर डॉसन होते, मिशा मोठ्या आणि बोलणं कमी. शेवटच्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं की मेळ्याची एक स्कॉलरशिप असते, चार वर्षांची. अट अशी की स्वतः वाढवलेला प्राणी वजनात बसला पाहिजे, तो रिंगणात दाखवला पाहिजे, त्याची रोजची वही नीट ठेवलेली पाहिजे, आणि मग मुलाखत. मला तेव्हा तीन तासांवरच्या मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला होता. कागद आला तेव्हा आईने तो देवाजवळ ठेवला होता. पण नुसत्या कागदावर तिथे राहता येत नाही, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. स्कॉलरशिप मिळाली तर जायचं, नाही तर हॅरोल्डच्या दुकानात, असं न बोलता ठरलेलं होतं. अरुणकाका मात्र बोलून मोकळे झाले. "संकेत, टायरचं काम वाईट नसतं. इंजिनिअरिंग सगळ्यांना झेपतंच असं नाही." ते प्रेमानेच म्हणाले असावेत.

बोकड शाळेच्या गोठ्यात राहायचा. पांढरा, तांबड्या डोक्याचा, दाढीवाला. पहिल्या दिवशी तो गोठ्यात शिरला, सगळ्या पिंजऱ्यांपुढून सावकाश चालत गेला, प्रत्येकाकडे नाराजीने बघितलं आणि शेवटी सर्वांत चांगली जागा धरून बसला. पप्पा म्हणाले, "सरपंच आहे हा." तेच नाव पडलं. आम्ही शाकाहारी नाही, रविवारी घरात मटण व्हायचंच. पण सरपंच आल्यापासून आईने ते बंद केलं. कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, रविवारी पिठलं व्हायला लागलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायचो, मोजून खाद्य घालायचो आणि वहीत लिहायचो. वजनाची वरची मर्यादा ठरलेली होती आणि सरपंच तिच्या जेमतेम खाली होता. मिस्टर डॉसन म्हणाले, "शेवटचे दोन दिवस एक दाणाही जास्त नको."

वजनाच्या आदल्या दिवशी होळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळ्यात वजनकाट्यापुढे रांग लागली. आई, पप्पा, गौरी माझ्या मागे. सरपंच काट्यावर चढला. काट्याजवळच्या बाईंनी आकडा बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला. दीड पौंड जास्त. दहा वाजता काटा बंद होणार होता आणि तोपर्यंत आणखी एकदाच चढवता येणार होतं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काय घातलंस त्याला?" मिस्टर डॉसननी विचारलं.

"रोजचंच, सर. खरंच." माझा आवाज रडवेला झाला होता.

गौरी हळूच म्हणाली, "दादा, आस्क आई."

आई छताकडे बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई?"

"सण होता," ती म्हणाली.

"तू बादली धुवायला गेलास ना काल, तेव्हा," गौरी म्हणाली.

"आई, किती?"

"पाच."

"पाच घास?"

"पोळ्या. पुरणाच्या. घास कुणी मोजतं का?"

"तूप नव्हतं ना लावलं?"

"तूप न लावता पोळी देतात का कुणाला?" आता ती चिडली होती. "आणि सकाळी निघताना हातावर दही-साखर. तू म्हणालास ना त्याची परीक्षा आहे म्हणून. उपाशी पाठवायचा होता का पोराला?"

इथे तिचा दुसरा शेरा: "चार. पाचवी गौरीने दिली." गौरीने त्याखाली इंग्रजीत "दॅट्स अ लाय" असं लिहिलंय. या वादात मी पडणार नाही.

मी तिथेच खाली बसलो. मला विद्यापीठ दिसेना, हॉस्टेल दिसेना, नुसते टायर दिसायला लागले. पप्पांनी माझ्या हातातून दोरी घेतली. "ऊठ," ते म्हणाले. "गाडीत जादा माल भरलाय, एवढंच झालंय. माल उतरवायचा." आणि ते सरपंचाला घेऊन बाहेर पार्किंगमध्ये धावत सुटले. सरपंच आयुष्यात कुणासाठी धावला नव्हता. तो चार पावलं चालला आणि थांबला. तेव्हा पप्पांनी तोंडाशी हात धरून त्यांचा तो घाटावरचा आवाज काढला. "भिर्रर्रर्र! आला रे आला, जुन्नर तालुक्याचा मानाचा बोकड, सोडा वाट, बाजूला व्हा मंडळी!" सरपंच दचकून जो पळाला तो थेट घोड्यांच्या ट्रेलरपर्यंत. मागून पप्पा, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे आई साडीचा पदर खोचून, धावता धावता गणपतीची माफी मागत. गौरीवर वेगळी कामगिरी होती. तिने फक्त बोकडाच्या शेपटीकडे लक्ष ठेवायचं. दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. तिसऱ्या फेरीत ती किंचाळली, "पप्पा! ही इज गोइंग! ही इज गोइंग!"

त्यानंतर लेंड्यांचा जो वर्षाव झाला, त्याला पार्किंगमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं की ते आम्हाला हसतायत. तसे हसतही होते, पण मग कळलं की त्यातल्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी आलेली आहे. एक उंच बाई ट्रेलरमधून केस कापायचं मशीन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, केसांनाही वजन असतं. त्यांच्या नवऱ्याने शिंगं धरली. आम्ही सरपंचाला पोटाखालून भादरला. त्याची दाढीसुद्धा काढायची का, असं नवऱ्याने विचारलं. पप्पा म्हणाले, "नो, सर. दाढी नो. इज्जत." कसं कोण जाणे, त्या माणसाला ते कळलं. पुन्हा दोन फेऱ्या. सरपंचाने मोठं मन करून एकदा लघवी केली, आईने तेव्हा चक्क हात जोडले. दहाला तीन मिनिटं कमी असताना आम्ही काट्यापाशी पोचलो. त्याच्या गळ्यातला पट्टाही मी काढला. आकडा वरखाली झाला आणि थांबला. बरोबर मर्यादेवर. बाईंनी शिक्का मारला. आईने काट्याला वाकून नमस्कार केला आणि त्या बाईंनी, हा इथला काही नियम असेल असं समजून, उलट नमस्कार केला.

रिंगणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं घडलं नाही. बोकड ताठ उभा करून परीक्षकाला दाखवायचा असतो. सरपंच पाच फेऱ्या धावून आला होता. तो रिंगणाच्या मध्यावर गेला, बसला आणि झोपला. मी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून राहिलो. परीक्षकाने आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि तो पुढे गेला. आमचा नंबर शेवटून दुसरा आला. शेवटचा ज्याचा आला त्याचा बोकड रिंगणातून पळून गेला होता. पण दाखवणं झालं होतं, अट पुरी झाली होती.

खरा प्रश्न वहीचा होता. मुलाखत दुपारी होती आणि वहीत आदल्या दिवसाची आणि त्या सकाळची ओळ अजून कोरी होती. अरुणकाकांना आत्याने फोनवर सगळं सांगितलेलं असावं, कारण त्यांचा फोन आला. "अरे वेडा आहेस का? ते लिहू नकोस. रोजचं खाद्य लिही, विषय संपला." आईलाही मी लिहू नये असंच वाटत होतं, पण तिचं कारण निराळं होतं. "लोक काय म्हणतील? सणाला पाचच घातल्या?" मी पप्पांकडे पाहिलं. ते गवताच्या गठ्ठ्यावर बसून बूट काढून मोजे झटकत होते. ते म्हणाले, "मला वहीतलं कळत नाही. पण घातलंय तर घातलंय." मी लिहिलं: पुरणपोळी पाच, तूप, दही, साखर. देणारी व्यक्ती या रकान्यात 'आई'. लिहिताना दही जरा वाकडं आलं.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. एका म्हाताऱ्या पशुपालकाने वही चाळली, शेवटच्या पानावर थांबला आणि बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मी सांगायला लागलो. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, पाट्यावर वाटण, पोळी लाटताना पुरण बाहेर येऊ नये म्हणून काय करायचं. मला थांबताच येईना. माझा सगळा वेळ पुरणात गेला. मग मधल्या बाईंनी विचारलं, या प्रकल्पातून काय शिकलास? याचं उत्तर मी पाठ केलं होतं, जबाबदारी, शिस्त, वेळेचं नियोजन. त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हणालो, "आईला वाटलं तो परीक्षेला चाललाय. आमच्या घरातून परीक्षेला फारसं कुणी गेलेलं नाही. म्हणून जो कुणी जाईल त्याला ती खायला घालते." म्हाताऱ्याने वही मिटली आणि म्हणाला, "थँक यू, सन." बाहेर आलो तेव्हा माझी खात्री झाली होती की सगळं संपलं.

तरी संध्याकाळी आम्ही कॉन्सर्टला बसलोच. ते न करणं कुणाला सुचलंच नाही. पुढच्या रांगेत आजोबा, मांडीवर आईचं मेडिसिन. गिटारवाला आला, लोकांनी फोनचे दिवे लावले, गौरी खुर्चीवर उभी राहून नाचायला लागली. मला काही ऐकू येत नव्हतं. पप्पा माझ्याकडे झुकले.

"मी दहावीला होतो, पण गणिताच्या पेपरला गेलोच नाही," ते म्हणाले.

"का?"

"त्या दिवशी घाट होता. माइक माझ्याकडं होता. गावात कुणाला तसं बोलता येत नव्हतं ना." थोडा वेळ ते गाणं ऐकत राहिले. "मस्त झाला घाट. पण पेपर राहिला तो राहिलाच. तू आज पेपर दिलास. मला बास आहे."

मी म्हणालो, "पप्पा, हे ट्रकचं गाणं आहे." ते म्हणाले, "माहितंय," आणि डोळे पुसले.

सरपंचाचं काय झालं असं विचाराल म्हणून सांगतो. इतक्या खालच्या नंबरचा बोकड लिलावात घेत नाहीत. हॅरोल्डच्या बायकोला शेतावरचं काटेरी झुडूप खायला जनावर हवंच होतं, तिने त्याला नेलं. आता तो फार जाड झालाय आणि तिथल्या दोन कुत्र्यांवर त्याचा चांगलाच वचक आहे.

मग एक महिना काहीच आलं नाही. वर्गातल्या दुसऱ्या दोन मुलांना, ज्यांनी वेगळ्या बक्षिसांसाठी अर्ज केले होते, त्यांना कधीच कळलं होतं. विद्यापीठाला हो-नाही कळवायची शेवटची तारीख चार दिवसांवर आली. मी शनिवारी दुकानात जायला लागलो होतो. टायर बदलायला मला बऱ्यापैकी यायला लागलं होतं आणि आपल्याला हे आवडतंय, असं मी स्वतःला सांगत होतो. घरी कुणी स्कॉलरशिपचं नाव काढत नव्हतं. आईने देवाजवळचा कागद उचलला नव्हता, पण त्याच्यावर तिने उदबत्तीचं घर ठेवलं होतं, म्हणजे तो दिसू नये.

त्या मंगळवारी मिस्टर डॉसननी मला तासातून बाहेर बोलावलं. त्यांच्या मिशा हलत होत्या, ते हसतायत की चिडलेत ते कळेना.

"तुझ्या वडिलांचं नक्की काय आहे?" ते म्हणाले. "कमिटीच्या बाई त्यांना पंधरा दिवस फोन करतायत. त्यांनी पाच वेळा कट केला. एकदा म्हणे ते म्हणाले, नो थँक यू, आमच्याकडे आधीच आहे."

अर्जावर पालकांचा नंबर द्यायचा होता आणि मी पप्पांचा दिला होता. आणि पप्पांना अरुणकाकांनी आल्याआल्या शिकवून ठेवलं होतं की अनोळखी नंबर म्हणजे फसवणूक, कुणी टॅक्सचं सांगेल, कुणी विम्याचं, तू एकच वाक्य म्हण आणि ठेव. पप्पांनी ते वाक्य इतकं घोकलं होतं की समोरच्याचं नाव ऐकायच्या आत ते बोलून मोकळे व्हायचे.

"पण सर, मिळाली की नाही?"

"ते मला सांगत नाहीत. आधी घरच्यांना सांगायचं, असा त्यांचा नियम आहे. जा."

मी दुकानापर्यंत पळत गेलो. पप्पा एका पिकअपखाली होते. मी ओरडून सांगितलं. ते सरकत बाहेर आले, हात पुसले, फोन काढला आणि आलेले नंबर बघायला लागले. "ही होय?" ते म्हणाले. "ही बाई फार चिवट आहे रे. मला वाटलं गाडीची वॉरंटी विकतीय." मग त्यांना मी काय म्हणालो ते कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाच वेळा," ते स्वतःशीच म्हणाले. मी म्हटलं, द्या, मी लावतो. ते म्हणाले, "नको. मी कापला, मीच लावणार." हॅरोल्डने आतून जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. एवढी शांतता मी त्या दुकानात कधी ऐकली नव्हती. पप्पांनी स्पीकर लावला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"हॅलो, मॅडम. धिस इज डुंबरे. व्हेरी सॉरी, मॅडम."

पलीकडे बाईंनी मोठा श्वास सोडला. "मिस्टर डुंबरे, प्लीज फोन ठेवू नका."

"नो, मॅडम. नॉट ठेवणार."

"तुमच्या मुलाची निवड झालीय. पूर्ण चार वर्षांची स्कॉलरशिप. तो ऑगस्टपासून विद्यापीठात जाऊ शकतो. मी हे तुम्हाला दोन आठवडे सांगायचा प्रयत्न करतेय."

मी पप्पांकडे बघत होतो. ते फोनकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, ते मला दिसत होतं, तरी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम, वन्स मोर, प्लीज. स्लो."

आणि त्या बाईंनी, जराही न चिडता, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, "तुमचा मुलगा संकेत कॉलेजला चाललाय."